आज संयम

२१ जुलै २०२५, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलंय. मोठी माणसं दैनंदिनी लिहितात म्हणे, आणि मोठं व्हायची सुरुवात कुठून तरी करायला हवी.

पुण्याची नोकरी सोडून उमरग्याला परत आलो त्याला आता दीड वर्ष झालं. हायवेला टायरच्या दुकानावर एक गाळा घेतलाय. तिथं मी आणि शाळेतला मित्र उत्तरेश्वर, अशी आमची सॉफ्टवेअर कंपनी चालते. मी लिहितो, तो विकतो. म्हणजे मी लिहिलंय, त्यानं अजून विकायचंय. आमचं शेअर बाजाराचं सॉफ्टवेअर आहे. कुठला शेअर कधी घेतला, किती वाढला, लाभांश कधी येणार, सगळं दाखवतं. एक चूक नाही त्यात. ग्राहकही एकच आहे, लोहाऱ्याचे निवृत्त शिक्षक बलभीम गुरुजी. महिन्यातून एकदा उघडतात, सगळं जागच्या जागी आहे ना बघतात आणि बंद करतात. असल्या समाधानी माणसांवर कंपनी वाढत नाही.

आज उत्तरेश्वर म्हणाला, "अरे बसू, शेअर घेनारा मानूस वर्षातनं दोनदा स्क्रीन बघतो. ऑप्शनवाला मिनिटाला दोनदा. आपून कुनासाठी लिहायचं, तूच सांग."

नळदुर्गला वैजनाथ सर म्हणून एकजण ऑप्शनचा क्लास घेतात. त्यांना सॉफ्टवेअर पाहिजे, असा निरोप त्यानं आणलाय.

खरं सांगायचं तर मला शेअरचा कंटाळाच आला होता. एक कंपनी, एक भाव, वर नाहीतर खाली. चौथीच्या गणितासारखं. ऑप्शनमध्ये एकाच निर्देशांकाच्या पोटी दर आठवड्याला शेकडो करार जन्माला येतात आणि आठवडा संपला की मरतात. बाजार हलला नाही तरी नुसत्या वेळ जाण्यानं त्यांची किंमत झिजते. असलं काही लिहायला मिळावं म्हणून तर माणूस इंजिनिअर होतो. मी हो म्हणालो.

२३ जुलै, बुधवार

बायकोला ऑप्शन समजावून सांगितलं. श्रीदेवी इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळं तिला समजायला हरकत नव्हती.

"म्हशीचा सौदा धर," मी म्हणालो. "शेअर म्हणजे म्हैस विकत घेणं. ऑप्शन म्हणजे नुसता इसार देणं. अमुक तारखेपर्यंत याच भावानं घ्यायचा हक्क माझा. तोवर भाव वाढला तर फायदा. नाही वाढला तर इसार गेला."

"आणि म्हैस?"

"म्हैस घ्यायचीच नसते."

"मग दूध?"

प्रत्येकाची झेप असते. ती कुकर बंद करायला उठली.

३० जुलै, बुधवार

नळदुर्गला जाऊन आलो. सरांचा क्लास हायवेच्या कडेला मंगल कार्यालयात भरतो. व्यासपीठावर मागच्या सीझनची 'शुभविवाह' ही थर्माकोलची पाटी तशीच होती. खाली खुर्च्यांवर ढाबेवाले, खतदुकानदार, ट्रकमालक, दोन मास्तर. हॉल भरलेला.

सरांनी पडद्यावर ब्रोकरची सक्तीची सूचना दाखवली. या बाजारात दहापैकी नऊ जणांना तोटा होतो, अशी. मग खाली उतरून ते खुर्च्यांमधून फिरले, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तो दहावा माणूस तुम्ही आहात. तुम्ही आहात. तुम्ही आहात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात एक भागाकार सुरू झाला होता, पण तो टाळ्यांत राहून गेला.

जेवताना मी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः ट्रेड करता?"

"पोहायला शिकवणारा काठावर उभा असतो," सर म्हणाले.

परतताना रस्ताभर विचार केला. अर्थ लागला नाही, पण खोल वाटलं. शिवाय माणूस उदार आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं ते स्वतः धावपळ करून एकाच ब्रोकरकडे उघडून देतात, आणि त्याचा एक रुपयासुद्धा घेत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

काम जोरात. शेअरचंच जुनं सॉफ्टवेअर पोटात घेऊन त्यावर ऑप्शनचा मजला चढवतोय. हा मजला विद्यार्थ्यांच्या खात्यात आपणहून सौदे करणार. पाया मजबूत आहे.

साप्ताहिक करार गुरुवारी संपतो, म्हणून प्रोग्राममध्ये गुरुवार पक्का केला. दर वेळी एक्सचेंजच्या यादीतून तारीख मागवता आली असती, पण त्यात दोन दिवस गेले असते. वर्षानुवर्षं गुरुवारच आहे. सूर्य पूर्वेला उगवला का, हे काही मी रोज तपासत नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "बसवेशजी, चूक झाली की तुमची मशीन लाल डबा दाखवते. लाल नको. गिऱ्हाईक घाबरतं."

"पण सर, एरर आहे हे कळायला नको?"

"कळून त्याला काय करायचंय? हिरव्या अक्षरात काहीतरी चांगलं येऊ द्या."

मी सगळ्या एरर एकत्र केल्या. आता काहीही बिघडलं की स्क्रीनवर हिरव्या अक्षरात येतं: 'आज संयम. बाजार योग्य नाही.' सर इतके खूश झाले की म्हणाले, "तुम्ही नुसते इंजिनिअर नाही, तुम्हाला माणूस कळतो."

हे वाक्य श्रीदेवीला मुद्दाम वाचून दाखवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

उत्तरेश्वरनं एक्सचेंजचं कुठलं तरी जुनं परिपत्रक मोबाइलवर पाठवलं. "वाच की रे, कायतरी बदलनार म्हनत्यात." उघडलं. तहसीलच्या नोटिशीसारखी भाषा. अक्षरांचा हिरवा रंग अजून मनासारखा जमलेला नाही, ते आधी.

श्रीदेवी गॅलरीत उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अजून थोडे दिवस द्या, प्लीज." लॅबचा एखादा रिपोर्ट राहिला असेल. तिच्या कामात दिरंगाई फार.

२० ऑगस्ट, बुधवार

आज सासरे आले होते. महांतप्पा मामांचं पेंडीचं दुकान आहे, उमरग्याच्या पलीकडं हद्दीजवळ. गिऱ्हाईकाशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि हिशेब दोन्हींत करतात. म्हणाले, "जावईबापू, म्या पन नाव घातलं नळदुर्गच्या क्लासात."

मी चाट पडलो. आनंद झाला, आणि भीतीही वाटली. परक्या माणसाचा पैसा आणि सासऱ्यांचा पैसा यांत गणिताच्या दृष्टीनं फरक नाही. तरी वाटली.

"मामा, तुम्हाला यातलं काय..."

"शिकावं की. बसायला खुर्ची हाय, फॅन हाय." मग चहा पिता पिता एकदम म्हणाले, "मंग सोलापूरला कधी जाताव?"

म्हणजे कंपनी सोलापूरला हलवावी हे त्यांच्याही डोक्यात आहे तर! मी म्हणालो, "सोलापूर छोटं आहे मामा. आधी हैदराबाद बघू." ते श्रीदेवीकडं बघत राहिले. एवढी मोठी उडी त्यांनी मनात धरली नसावी.

ते गेल्यावर श्रीदेवीनं विचारलं, "तुम्ही स्वतःचे पैसे लावणार का यात?" बनवणाऱ्यानं लावू नयेत, दृष्टी गढूळ होते, असं मी सांगितलं. हे आधी कुणी म्हटलंय की मलाच सुचलं, आठवत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसले. कागदी पैशावरची, म्हणजे लुटुपुटुच्या सौद्यांची चाचणी आज संपली. शेवटच्या दिवशीही फायदा! सोमवारपासून खरे पैसे.

एक शंका नोंदवून ठेवतो. ज्या करारात सकाळपासून एकही व्यवहार झालेला नाही, त्याचा कालचा भावही आपलं सॉफ्टवेअर ताजा धरतं. म्हणजे कागदावर आपण अशा भावानं विकतोय, ज्या भावाला घेणारा समोर नाही. शेअरच्या कोडमधून ते तसंच आलंय. शेअरमध्ये चालून जायचं, घेणारा असायचाच. इथं किती फरक पडेल? बघू. फायदा दिसत असताना फार खोदू नये.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल आणि आज, दोन दिवस झाले. सॉफ्टवेअरनं एकही सौदा केला नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर हिरवी अक्षरं: 'आज संयम.' सकाळी बाजार चढत होता तेव्हा लोकांचे फोनवर फोन, "तुमची मशीन झोपली का?" मी फोन पालथा ठेवला. दुपारनंतर बाजार घसरला. क्लासातल्या ज्यांनी धीर सोडून हातानं सौदे केले, ते पार धुऊन निघाले. मशीनच्या भरवशावर बसलेले सगळे कोरडे!

उत्तरेश्वर धापा टाकत वर आला. "आज शेवटचा दिवस म्हनून लई हलला बाजार!"

गौरींच्या विसर्जनाचा बाजाराशी काय संबंध, असं मी विचारलं नाही. तो श्रद्धाळू आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

संपूर्ण आठवडा संयम. कुणाचा एक पैसा गेला नाही. नळदुर्गचा ढाबेवाला बजरंग फोनवर रडायचाच बाकी होता. "साहेब, गेल्या वर्षात पयला हप्ता असा हाय की म्या घरी भांडलो न्हाय."

हे कसं घडलं, यावर दोन दिवस विचार केला. बाजाराची चंचलता मोजून सौदा अडवणारी एक चाळणी मी ऑगस्टमध्ये घातली होती. सहज, अर्ध्या तासात. तीच काम करतेय. माझ्या हातून काहीतरी मोठं होऊन गेलं आणि माझं मलाच कळलं नाही. अशी उदाहरणं विज्ञानात आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

परत संयम. नवीन नावनोंदणी जोरात. आश्चर्य म्हणजे सर खूश नाहीत.

"बसवेशजी, संयम जरा जास्त होतोय."

"पण सर, कुणाचा तोटा नाही."

"ते ठीक आहे. पण लोकांचा हात मोकळा झाला पाहिजे. दिवसाला चार-पाच सौदे तरी झाले पाहिजेत. ब्रोकरकडून मला विचारणा होते."

सौदे झाले नाहीत तर ब्रोकरनं सरांना का विचारावं? उत्तरेश्वरला विचारलं. तो म्हणाला, "प्रत्येक सौद्यामागं सरांना त्येंचा वाटा येतो की. तुला ठाव न्हवतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी उदारपणा लिहून ठेवला होता. खोडत नाही, राहू दे.

सर म्हणाले, तोवर संयमाच्या सूत्रावर दोन पानं लिहून द्या, पुस्तिका छापू.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोन पानं लिहायला बसलो. सूत्र नीट मांडावं म्हणून, मशीननं कुठल्या दिवशी कुठल्या कारणानं नकार दिला, ते आतल्या नोंदींतून काढलं.

सगळ्या दिवशी एकच कारण. 'करार सापडला नाही.'

मशीन रोज सकाळी गुरुवारी संपणारा करार मागतेय. असा करारच नाही. या महिन्यापासून तो मंगळवारी संपतो. परिपत्रकात लिहिलंय. आज वाचलं. भाषा अवघड नाही.

चाळणी कधी चाललीच नाही. तिच्यापर्यंत मशीन पोचलीच नव्हती.

श्रीदेवी दवाखान्यातून आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. "बरं नाही का?" म्हणाली. मी म्हणालो, "बाजार योग्य नाही." ती कपडे बदलायला गेली. नंतर एकटाच हसलो, आणि मग हसू येईना.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तरेश्वरला सांगितलं. त्यानं खिडकीतून खाली टायरच्या दुकानाकडं बघितलं.

"म्हंजे दोन हप्ते मशीननं कायच केलं न्हाय?"

"काहीच नाही."

"आन लोक आपल्याला देव मानायलेत." मग म्हणाला, "बोलू नगंस कुनाला. गुरुवारचा मंगळवार कर, अन् गप बस."

एका शब्दाची दुरुस्ती. केली. पण लावायच्या आधी मनात आलं की शिळे भाव काढून टाकावेत आणि खऱ्या भावांवर मागचे दोन महिने चालवून बघावेत. २८ ऑगस्टची शंका अजून तशीच होती.

तोटा. सरळ, दर आठवड्याला, न चुकता तोटा. अख्ख्या दोन महिन्यांत माझ्या मशीननं चांगली कामगिरी केलेली एकच मुदत सापडली. ती बिघडली होती ती.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "दुरुस्त झालीय ना? मग परवा रविवारी नवीन आवृत्ती म्हणून सुरू करून टाका. हार-शाल आणून ठेवतो."

"सर, ती चालली तर लोक बुडतील."

"आपण सल्ला देत नाही, बसवेशजी. शिक्षण देतो."

१४ सप्टेंबर, रविवार

नळदुर्ग. हॉल भरलेला. मामा शेवटच्या रांगेत, फॅनखाली. माझ्या खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला, आणि सरांनी माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले.

मी बोललो. "तुमच्या मोबाइलवर 'आज संयम' येतं, तो संयम नाही. ती एरर आहे. मशीनला करारच सापडत नाही, म्हणून ती बंद बसून आहे. माझी चूक आहे. मी ती दुरुस्त करून बघितली. दुरुस्त मशीन तोटा करते."

नारळ खाली ठेवायला जागा मिळेना. मग मधल्या रांगेतून बजरंग उभा राहिला.

"म्हंजे मशीन बंदच हाय?"

"हो."

"आन आमचा तोटा झाला न्हाय, ते बंद हाय म्हनून?"

"हो."

"मंग चालू कशाला करताव?"

हॉल हसला, आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं चपला पडतील. एक खतदुकानदार ओरडला, "हाय तशीच ऱ्हाऊ द्या! हात लावू नगा!"

सरांनी हसतच माइक परत घेतला. "पाहा मित्रांनो, असा प्रामाणिकपणा फक्त आपल्या क्लासमध्ये!" परत टाळ्या. मग त्यांनी सांगितलं, नवीन आवृत्तीचं काम आता उत्तरेश्वर सर बघतील, आज नाव देणाऱ्याला सवलत. रांग लागली. त्या रांगेत तो ओरडणारा खतदुकानदारही होता. उत्तरेश्वर माझ्याकडं न बघता खुर्च्या सरकवत होता. आम्ही तिसरीपासून एका बाकावर बसलोय.

मामांबरोबर जीपनं परत आलो. जळकोट गेल्यावर मी म्हणालो, "मामा, तुमच्या पैशाला धक्का लागलेला नाही. आज खातं बंद करून टाका."

"कुठले पैसे? म्या खात्यात घातलेच न्हाईत."

"मग क्लासची फी कशाला भरलीत?"

मामा खिडकीतून ऊस बघत होते. "तुमी दीड वर्सं त्या गाळ्यात बसलाव. श्रीदेवी म्हनली, कुनी येत न्हाय तिकडं. म्हनलं, एक मानूस तरी आपला असावा समोर." मग जरा हसले. "अन् पेंडीची चार नवी गिऱ्हाईकं झाली हितं. वाया न्हाय गेलं."

म्हणजे त्या हॉलमधला तो दहावा माणूस सापडला. सरांना कळवणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून फोन. बऱ्याच जणांना नवीन आवृत्ती नकोय, जुनीच पाहिजे. मी प्रत्येकाला परत सांगतो, अहो, ती काही करत नाही. "ठाव हाय साहेब," म्हणतात. "सर्वर बंद करू नगा."

बलभीम गुरुजींचाही फोन आला होता. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. लाभांश आला म्हणून कळवायला केला होता. एवढंच. दीड वर्षात मी त्यांना आपणहून एकदाही फोन केलेला नाही.

उत्तरेश्वरनं गाळ्यातली त्याची खुर्ची नेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लवकर घरी आलो. श्रीदेवी कपाटातले कपडे दोन ढिगांत लावत होती.

"कुठं निघालीस?"

"सोलापूर. तिथल्या दवाखान्यानं लॅबची मुख्य म्हणून बोलावलंय. एक तारखेला हजर व्हायचंय."

"कधी ठरलं हे?"

"पत्र जुलैमध्येच आलं. त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिली. शेवटची तारीख काल होती. काल हो म्हणून कळवलं."

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही म्हणालात, बाजार बंद झाला की बोलू."

"मग?"

"तो शनिवार होता."

मी पलंगावर बसलो. तिच्या ढिगांकडं बघितलं. दोन्ही तिचेच होते की एक माझा होता, ते नीट दिसेना. मी येऊ का, असं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "तिथं इंटरनेट कसं आहे?"

ती हसली. किती दिवसांनी, माहीत नाही.

"दोन खोल्या बघून आलेय," म्हणाली. "मागच्या खोलीत तुमचं टेबल बसतं. माप घेऊन गेले होते."

"माप कधी घेतलंस?"

"ऑगस्टमध्ये. तुम्ही टेबलावर काम करत होतात. टेप धरून तुमच्या कोपराखालून मापलं. तुम्ही कोपर उचललंत, आणि परत ठेवलंत."